चार टर्मिनल दिसले म्हणून घाई नको

भाऊ, स्पीकरमागे वायर जोडायचे चार टर्मिनल दिसले म्हणून लगेच दुसरा अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) आणायला नागपूरला निघू नको. वरची जोडी सहसा ट्विटरची (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर), खालची वूफरची (जाड आवाजाचा मोठा स्पीकर). मधल्या धातूच्या पट्ट्या दोन्ही जोडतात. तशाच राहू दे आणि महिनाभर मनसोक्त ऐक.

बाय-वायरिंग म्हणजे एकाच अ‍ॅम्पवरून दोन वायरी. करून बघ, पण कानाला फरक जवळपास कळत नाही. त्यापेक्षा इलेक्ट्रिकच्या दुकानातून २.५ चौरस मिलिमीटरची चांगली तांब्याची वायर घे.

बाय-अ‍ॅम्पिंगमध्ये दोन्ही जोड्यांना वेगवेगळे अ‍ॅम्प. इथे नवखे हमखास चुकतात ते असं:

- पट्ट्या तशाच राहतात. मग दोन अ‍ॅम्पचे आउटपुट एकमेकांना भिडतात आणि अ‍ॅम्प जळू शकतो. आधी पट्ट्या काढ, मगच वायर लाव, तीही सगळं बंद करून.
- लाल-काळं उलटं होतं. आवाज पोकळ वाटला तर आधी हेच तपास.
- वायरचा एखादा सुटा केस शेजारच्या टर्मिनलला टेकतो. टोक घट्ट पिळून घे.

आवाज दुप्पट होईल ही आशा सोड. स्पीकरच्या आतला क्रॉसओव्हर, म्हणजे बारीक आणि जाड आवाज वेगळे करणारं सर्किट, तोच राहतो.

खरा फरक खोलीत आहे. टिनाचं छप्पर आणि उघडी फरशी असेल तर जाड सतरंजी अंथर, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढ. आपल्याकडे लाइट कमी-जास्त होते, म्हणून अर्थिंग नीट करून स्टॅबिलायझर लाव. आणि मे महिन्यात पारा ४५ ला गेला की अ‍ॅम्पच्या वर वीतभर जागा मोकळी ठेवच.