चिक्कीत लिंबू पिळलं तर लिक्विड ग्लुकोज लागतं का? उरलेल्या डब्याचं काय करू?

लिंबाने तेच काम होतं, हे मी दर संक्रांतीला घरात ऐकते, म्हणून आधी त्याचंच सांगते. होत नाही.

उकळत्या पाकात लिंबू पडलं की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. किती फुटेल ते लिंबाच्या आंबटपणावर आणि पाक किती वेळ उकळला यावर. मोजता येत नाही. फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढतं. मुंबईच्या पावसाळ्यात अशी चिक्की लगेच बोटांना चिकटायला लागते. लिक्विड ग्लुकोज म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेला घट्ट, चिकट पाक. त्यात फ्रुक्टोज नसतं, आणि त्यातल्या लांब साखळ्या साखरेचे कण पुन्हा जुळू देत नाहीत, म्हणून पाक रवाळ होत नाही.

प्रमाण: २५० ग्रॅम साखर, ८० मिली पाणी, ३० ग्रॅम ग्लुकोज, २५० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे. पातेलं काट्यावर ठेवून ग्लुकोज थेट त्यातच मोजा. चमचा आणि बोटं ओली ठेवा, नाहीतर निम्मं चमच्यालाच राहतं. साखर विरघळेपर्यंतच ढवळा. उकळी आली की हात लावू नका, कडेचे कण ओल्या ब्रशने खाली उतरवा. एक कण राहिला तरी अख्खा घाणा रवाळू शकतो. थेंब गार पाण्यात टाका. वाकला तर अजून थांबा, टकन मोडला की गॅस बंद. थर्मामीटर असेल तर १५० अंश सेल्सिअसच्या आसपास. दाणे गरमच घाला, गार घातले तर लाटायच्या आधीच पाक आळतो. पन्नास ग्रॅमच्या पुढे ग्लुकोज गेलं तर चिक्की दाताला चिकटते. वड्या पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात.

उरलेलं ग्लुकोज असं वापरा: काजूकतलीत पाव किलो काजूला एक चमचा, वडी लाटताना कडा फाटत नाहीत. एक लिटर दूध आटवून कुल्फी करताना १०० ग्रॅम साखरेऐवजी ७० साखर, ३० ग्लुकोज. बर्फाचे खडे कमी होतात. चहात घालू नका, गोडी साखरेच्या साधारण निम्मी. ग्लुकोजची पावडर याच्या जागी चालत नाही.

आणि हो, गोडी कमी म्हणून मधुमेहींना देऊ नका, रक्तातली साखर याने झपाट्याने चढते. गुळाच्या चिक्कीत बहुधा याची गरजच पडत नाही. गुलाबजामच्या पाकात मात्र लिंबूच पिळा; तो पाक सुकायचाच नसतो.