उत्तरच नसेल तर मार्क कशाचे?

प्रश्न: ताई, मला युनिव्हर्सिटीत फिलॉसॉफी, धर्म आणि नीतिशास्त्र असा एकत्र कोर्स करायचाय, पण मनात धाकधूक आहे. मी देवाला मानते, रोज प्रार्थना करते, हे शिकून माझी श्रद्धा जाईल का? आणि घरचे म्हणतात या विषयात पक्कं उत्तर काही नसतंच, मग परीक्षेत मार्क तरी कशाचे देतात?

उत्तर: आधी मार्कांचं सांगते, कारण त्यातच श्रद्धेचंही बरंचसं येतं. मार्क मताचे नसतात गं, मतापर्यंत तू कशी पोचलीस त्याचे असतात. समज, प्लेटोने सॉक्रेटिसच्या तोंडी घातलेला तो जुना प्रश्न पेपरात आला, की एखादं काम देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की मुळात पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं? पहिली बाजू घेतलीस तर उद्या देवांना क्रूरपणा आवडला तर तोही पवित्र का, याला तोंड द्यावं लागतं, दुसरी घेतलीस तर चांगलं-वाईट देवाच्याही आधीचं ठरतं आणि ते श्रद्धावान माणसाला खटकू शकतं. तू कुठल्याही बाजूने लिही, पण समोरच्याचा मुद्दा सगळ्यात भक्कम करून मांड आणि मग त्याला उत्तर दे. लेचापेचा पूर्वपक्ष उभा करून पाडलास तर तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता श्रद्धा. अकराव्या शतकात अँसेल्म नावाच्या ख्रिस्ती साधूने नुसत्या विचाराच्या जोरावर देव सिद्ध करायला घेतला: ज्याच्याहून मोठं काही कल्पताच येत नाही तो देव, आणि तो फक्त मनातच असेल तर प्रत्यक्षात असणारा त्याच्याहून मोठा ठरेल, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. यावर आक्षेप घेतला तो कुणा नास्तिकाने नाही, गौनिलो नावाच्या दुसऱ्या साधूनेच! तो म्हणाला, असं असेल तर सगळ्यात उत्तम बेट नुसतं कल्पून तेसुद्धा प्रत्यक्षात आहे असं सिद्ध करता येईल की. आणि मला फार आवडतं ते पुढचं, अँसेल्मने तो आक्षेप आणि त्यावरचं आपलं उत्तर दोन्ही आपल्या ग्रंथाला जोडून ठेवायला सांगितलं. म्हणजे दोघंही देव मानणारे, आणि भांडण फक्त युक्तिवादाशी. तुझी श्रद्धा तशीच राहील असा शब्द मात्र मी देणार नाही, काहींची बदलते, काहींची जास्त घट्ट होते.

नीतिशास्त्रात ट्रामचं उदाहरण भेटेलच, ताबा सुटलेली ट्राम पाच जणांवर जातेय, त्यांना वाचवायला ती एकावर वळवायची का. हे उदाहरण ज्यातून आलं तो फिलिपा फूट या तत्त्वज्ञ बाईंचा १९६७ चा लेख खरं तर गर्भपाताच्या प्रश्नावर आहे, तो मुळातून वाच, नुसत्या ट्रामवर थांबू नकोस.

अॅडमिशनच्या आधी सिलॅबस नीट बघ. धर्म म्हणजे तिथे एकाच धर्माचं आतून शिक्षण आहे की अनेक धर्मांचा बाहेरून अभ्यास, हे विचारून घे, दोन्हीत खूप फरक पडतो. आणि लॉजिकचा पेपर कंपल्सरी आहे का तेही बघ, त्यात गणितासारखी चिन्हं असतात, त्याची तयारी सुट्टीतच सुरू केलीस तर बरं.