मावळे विकतचे, मग किल्ला का नको?

ईरा,

परवा बंडूमामाने त्याच्या मुलाच्या, आर्यनच्या, विकत आणलेल्या दिवाळीच्या किल्ल्याचा व्हिडिओ पाठवला. तो बघून मी म्हणाले, "सगळा बाजार झालाय, आता किल्ल्यात काही राम राहिला नाही." त्यावर तू विचारलंस, "मावळे तर तुम्हीपण दुकानातूनच आणायचात ना? मग किल्ला आणला तर काय बिघडलं? आणि माझ्या आइस हॉकीचे तू पैसेच भरतेस. मग तीपण खोटी का?" मी "आधी जेव" म्हणाले आणि भांडी घासायला उठले. खरं तर भांडी मशीनमध्ये लावायची होती. उत्तर सुचलं नव्हतं म्हणून उठले.

अजूनही नीट सुचलेलं नाही. पण लिहिते. बाबा वाचून दाखवेल.

आमची सहामाही संपायची त्या संध्याकाळीच साताऱ्यात यादोगोपाळ पेठेतल्या घरी दप्तरं कोपऱ्यात पडायची. मग दिवाळीपर्यंत अंगण आमचं. आबांची सायकल बाहेर, आज्जीच्या तुळशीला हात लावायचा नाही, एवढ्या दोनच अटी. दगड कुठूनही यायचे. विटा कुठून यायच्या ते विचारायचं नसे, गल्लीत कोणाचं तरी बांधकाम चालू असायचंच. दगड-विटांचा ढीग रचला की त्यावर रेशनच्या गव्हाची रिकामी पोती चिखलात बुडवून टाकायची, म्हणजे डोंगराला उतार येतो. पोतं टाकल्यावर जो ओला, कुबट वास सुटतो तो मला इथे पाऊस पडून गेल्यावर गराजमध्ये अचानक येतो, आणि तू मला "काय झालं?" विचारतेस.

कामं वाटलेली होती. बुरूज आणि तटबंदी बंडूमामा आणि शेजारचा सुन्या करणार. भुयार पप्या, कारण त्याचा हात बारीक. मी पाणी आणायचं, चिखल तुडवायचा आणि अळीव पेरायचे. अळीव आदल्या रात्री भिजवले की बुळबुळीत होतात आणि उभ्या कड्यालाही चिकटून बसतात. चार-पाच दिवसांत हिरवंगार. दरवाजा कुठल्या बाजूला हवा हे मला कोणी कधी विचारलं नाही. तू डिफेन्सला खेळतेस आणि सगळ्या टीमवर ओरडतेस ते बघताना मला हे आठवतं. तेव्हा आमचा जुना किल्ला म्हणजे सोन्याचे दिवस होते असं मी म्हणाले, तर ते निम्मं खरं धर.

किल्ला बहुतेक वेळा अजिंक्यताराच असायचा. गच्चीवर गेलं की तो समोर दिसायचा, त्यामुळे चुकायला वाव नव्हता. भांडणाला मात्र होता. अजिंक्यताऱ्यावर टीव्हीचा टॉवर आहे. सुन्याचं म्हणणं, दिसतो तसा करायचा, म्हणून त्याने खराट्याच्या काड्यांचा टॉवर उभा केला. बंडूमामा म्हणाला, "महाराजांच्या काळात दूरदर्शन होतं का?" दोघं दोन दिवस बोलत नव्हते. शेवटी टॉवर राहिला, आणि त्याच्या राखणीला हेल्मेट घातलेले, बंदूक रोखलेले प्लॅस्टिकचे हिरवे सैनिक उभे राहिले. खाली मावळे, वर हे. आबा बघायला आले तेव्हा त्यांनी दोघांनाही रामराम केला.

कारंज्याला सलाईनची नळी लागायची. ती दवाखान्यातल्या कंपाउंडरकाकांकडून मिळायची, आणि ती मिळवायला मलाच पाठवायचे, कारण मी लहान म्हणून काका नाही म्हणायचे नाहीत. उंचावर पाण्याची बादली, नळी पोत्याखालून. बादली संपेपर्यंत कारंजं उडायचं. बादली कोण भरणार ते तुला कळलंच असेल.

आता तुझे मावळे. हो, ते विकतचेच. राजवाड्याजवळ दिवाळीत कुंभार बसायचे. पोत्यावर ओळीने मांडलेले मावळे, तोफा, हत्ती, वाघ, तुतारीवाला, भाजीवाली, डोक्यावर घडे घेतलेल्या गवळणी. सिंहासनावरचे महाराज सगळ्यांत महाग. ते एकदाच घेतले होते. दिवाळी झाली की आज्जी त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवायची. बाकी दरवर्षी थोडे थोडे. नाकाचा टवका उडालेले मावळे कुंभारमावशी वेगळे काढून ठेवायच्या आणि कमी पैशात द्यायच्या. आमचं निम्मं सैन्य त्यातलं. म्हणजे बाजार तेव्हाही होताच, आणि त्या मावशींचं दिवाळीचं सगळं त्यावर चालायचं. मी तुझ्यासमोर उसासा टाकला तेव्हा त्यांना हिशोबातच धरलं नव्हतं.

आणि हेही ऐक. एका वर्षी बंडूमामाने किल्ल्यासमोर खुर्ची टाकली, वाटी ठेवली आणि किल्ला बघायला चार आण्यांचं तिकीट लावलं. पेठेतल्या बायका हसून टाकायच्यासुद्धा. आज्जीने ओरडा केला तर म्हणे, "रायगडावरपण बाजारपेठ आहे." आहेच. समोरासमोर उंच जोत्यांच्या दोन लांब रांगा आहेत, आणि घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून जोती इतकी उंच, असं वाटाडे सांगतात. आज्जी म्हणाली, "मग घोडा घेऊन ये, आणि तोवर वाटी आत ठेव." आलेल्या पैशांचे लवंगी फटाके आणले.

फटाक्यांचं सांगायलाच हवं. तुळशीचं लग्न लागलं की किल्ला उडवायचा. 1699 च्या शेवटी औरंगजेब स्वतः सैन्य घेऊन साताऱ्याच्या किल्ल्याखाली, म्हणजे याच अजिंक्यताऱ्याखाली, येऊन बसला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभू वर लढत होते. पुढच्या एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिल्या स्फोटात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटाने तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढायला तयार उभं असलेलं मोगलांचंच सैन्य त्याखाली सापडलं. किल्ला मग काही दिवसांनी गेला, त्याचं नाव आझमतारा झालं, पण आमचा खेळ दुसऱ्या स्फोटापाशीच थांबायचा. पप्याच्या भुयारात सुतळी बॉम्ब ठेवायचा, एक मावळा प्रयागजी म्हणून बुरुजाखाली पुरायचा, आणि धूर विरल्यावर तो शोधून काढायचा. सापडला की "जिवंत!" म्हणून सगळी गल्ली ओरडायची. आज्जीच्या वाळवणावर माती पडायची. इतके दिवस जपलेली गोष्ट एका मिनिटात उडवायला कोणाची ना नसायची. (फटाक्यांचं तू शाळेत काय शिकलीस ते मला माहीत आहे. हातात सुतळी बॉम्ब मी तुला देणार नाही, काळजी नको.)

आर्यनचा किल्ला प्लास्टरचा आहे. दिवाळी झाली की धुऊन माळ्यावर जाणार. पुढच्या वर्षी तोच. मला जे बोचलं ते बहुतेक हे. पण थांब, अजून एक आहे. मी मामाला विचारलं, अजिंक्यतारा का नाही आणला? तो म्हणाला, स्टॉलवर अजिंक्यतारा नसतोच. रायगड आहे, राजगड आहे, प्रतापगड आहे. गेल्या वर्षी, 2025 च्या जुलैमध्ये, युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. सातारा जिल्ह्यातला प्रतापगड त्यात आहे, अजिंक्यतारा नाही. यादीतल्या किल्ल्यांना जास्त गिऱ्हाईक असणार, म्हणून बहुतेक साचे त्यांचेच. म्हणजे खिडकीतून अजिंक्यतारा दिसतोय आणि मुलगा बाल्कनीत रायगड मांडतोय. पैसे पडले त्याचं मला काही नाही गं. कुठला किल्ला, हे ठरवायचं भांडण आर्यनच्या वाट्याला आलंच नाही. ते दुकानातच ठरून आलं.

हे मामाला बोलून दाखवलं तर तो तडकला. "तिसऱ्या मजल्यावर राहतो मी. माती कुठून आणू? पोत्याने विकत मिळते, तीपण विकतच. लिफ्टमधून नेली तर सोसायटीचा मेसेज येतो. तू तिकडून सांगणार, इकडे मी झाडणार." बरोबर आहे त्याचं. मी साताऱ्यात राहिले असते तर बहुधा मीही स्टॉलवरून रायगड आणला असता, आणि वर घासाघीस केली असती.

त्यांच्या सोसायटीत स्पर्धाही असते. दारात फ्लेक्स, त्यावर प्रायोजकाचा फोटो महाराजांपेक्षा मोठा. ते मला बघवत नाही, आणि त्याचं समर्थन मी तुझ्यासमोर करणार नाही. बक्षिसासाठी आई-बाप रात्री जागून बुरूज रंगवतात आणि पोरं झोपलेली असतात. पण त्याच स्पर्धेत गेल्या वर्षी फक्त मुलींचा एक गट होता. त्यांनी सिंधुदुर्ग केला, भोवती खरं पाणी घातलं, आणि किल्ल्याची माहितीसुद्धा त्यांच्यातलीच एक जण सांगत होती. मामाने तो व्हिडिओ पाठवला होता तेव्हा मी दोनदा बघितला, तुला दाखवला नाही. का नाही, ते आत्ता लिहिताना कळतंय: माझ्या तक्रारीत तो बसत नव्हता.

राहिली हॉकी. रिंकचे पैसे, स्केट्स, दर वर्षी लहान होणारं सगळं सामान. हे महाग आहे, आणि तुझ्या वर्गातली काही मुलं केवळ त्यामुळे येत नाहीत, हे तूच मला सांगितलंस. पण तू खोटं खेळत नाहीस. पहाटे अंधारात गाडीत झोपलेली तू बर्फावर उतरलीस की जी होतेस ती विकत घेतलेली नाही. तरी एक विचारू? आपल्या रस्त्यावर तुम्ही टेनिस बॉल घेऊन खेळता, कोणीतरी "कार!" ओरडतं, सगळे जाळ्या उचलून बाजूला होता आणि परत मांडता. गोल झाला की नाही यावर तिथे जी भांडणं होतात ती मी स्वयंपाकघरातून ऐकते. रिंकवर ते पंच ठरवतो. दोन्हीतलं तुला काय जास्त आवडतं? मला हवं ते उत्तर देऊ नकोस. रिंक म्हणालीस तरी चालेल, फी मी शुक्रवारी भरणारच आहे.

काल मामाने आणखी एक व्हिडिओ टाकलाय, रागाने. आर्यनने त्या विकतच्या रायगडावर डायनोसॉर चढवलेत. महादरवाज्यात एक मोठा हिरवा, आणि मावळे त्याच्या पाठीवर बसलेत. मामा म्हणतो, ह्याला काही गांभीर्य नाही. मी त्याला फक्त खराट्याच्या टॉवरची आठवण करून दिली. अजून उत्तर नाही.

आणि हो, अळीव मी भारतीय दुकानातून आणलेत, लाडवांसाठी. डब्यात वरच्या फळीवर आहेत. तुला त्यातले मूठभर हवे असले तर शनिवारच्या आत काढून घे. नंतर मी नारळ आणि गूळ घालणार आहे, मग मागून उपयोग नाही.

आई