दोघांचीही घड्याळं मागे कशी पडतील?

प्रश्न: सापेक्षतावादावर काही वाचायला घेतलं की मी दरवेळी एकाच जागी अडकतो. दोघं जण एकमेकांपासून वेगात लांब जात असतील तर प्रत्येकाच्या हिशोबाने समोरच्याचं घड्याळ हळू चालतं म्हणे. मग हे तर्काच्याच विरुद्ध नाही का? आणि थिअरीच्या आतच गडबड असेल तर प्रयोगांनी ती सिद्ध झाली असं म्हणण्याला काय अर्थ?

उत्तर: यात दोन प्रश्न एकत्र आलेत. थिअरी स्वतःशी भांडते का, हे कागद-पेन्सिलीने ठरतं. जग खरंच तसं आहे का, हे प्रयोगाने. न्यूटनची यंत्रशास्त्राची मांडणीसुद्धा स्वतःशी अजिबात भांडत नाही, तरी प्रचंड वेगाला ती लागू पडत नाही, म्हणून हे दोन्ही वेगळे ठेवू.

आधी पहिला. लांबच्या घड्याळात 'आत्ता' किती वाजले हे म्हणताना तिथला 'आत्ता' कोणता ते आधी ठरवावं लागतं, आणि वेगात जाणाऱ्या दोघांचा 'आत्ता' एक नसतो, म्हणून दोघंही बरोबर असू शकतात. खरी विसंगती कधी म्हणायची, तर दोघं पुन्हा एका जागी भेटले आणि तरीही प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं तर. तेच करून बघू. जुळे बहीण-भाऊ घ्या. भाऊ घरी, बहीण प्रकाशाच्या 80 टक्के वेगाने 4 प्रकाशवर्षं लांब जाऊन लगेच परत येते. भावाच्या घड्याळाने जायला 5 वर्षं, यायला 5, एकूण 10, आणि थिअरी सांगते की बहिणीची 3 अधिक 3 म्हणजे फक्त 6. आता दोघांनी स्वतःच्या घड्याळाने दरवर्षी एक रेडिओ मेसेज पाठवायचा असं ठरवलंय. या वेगाला लांब जाताना समोरच्याचे मेसेज 3 वर्षांनी एक असे मिळतात आणि जवळ येताना वर्षाला 3, आणि हा आकडा दोघांसाठी अगदी सारखा आहे, कुणाला झुकतं माप नाही.

बहिणीला जाताना 3 वर्षांत 1 मेसेज मिळाला, वळल्याबरोबर धडाधड यायला लागले, परतीच्या 3 वर्षांत 9, एकूण 10. म्हणजे भावाची 10 वर्षं झाली हे ती स्वतः मोजते. भावाचं काय? ती वळली 5 व्या वर्षी, पण वळल्याची खबर त्याच्यापर्यंत पोचायला अजून 4 वर्षं लागतात, म्हणून पहिली 9 वर्षं त्याला 3 वर्षांनी एक असे 3 च मेसेज मिळतात आणि शेवटच्या एका वर्षात उरलेले 3. एकूण 6. दोघांच्या वह्या तंतोतंत जुळल्या! फरक कुठून आला तर वळली ती, तो नाही. इंजिनाचा धक्का तिला बसला. मला स्वतःला सगळी समीकरणं एका बाजूला आणि ही मेसेजची मोजणी एका बाजूला अशी वाटते, एकदा वहीवर करून बघाच.

बरं, हे एकाच उदाहरणात जमलं असंही नाही. 1908 मध्ये मिंकोव्स्की या गणितज्ञाने दाखवलं की विशेष सापेक्षतावाद म्हणजे स्थळ-काळाची भूमिती आहे. दोन गावांमधल्या दोन रस्त्यांची लांबी वेगळी असते याचं आपल्याला नवल वाटत नाही, तसंच दोन घटनांमधल्या दोन वाटांवर वेळ वेगळा जातो, फक्त इथे सरळ वाटेवर सगळ्यात जास्त वेळ जातो. ही भूमिती साध्या बीजगणितावरच उभी आहे, म्हणून तिच्यात विसंगती निघायची तर ती त्या बीजगणितातच निघायला हवी.

आता प्रयोग. जुळ्यांचा प्रयोग माणसांवर झाला नाही, पण कणांवर झालाय. म्युऑन नावाचा कण स्थिर असताना सरासरी 2.2 मायक्रोसेकंद टिकतो. 1970 च्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत ते प्रकाशाच्या अगदी जवळच्या वेगाने गोल रिंगमध्ये फिरवले तेव्हा आयुष्य भरलं सुमारे 64 मायक्रोसेकंद, म्हणजे 29 पट, आणि गणितही तेवढंच सांगत होतं. फिरून फिरून त्याच जागी येणारा कण म्हणजे आपली प्रवासी बहीणच की. 1971 मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी अणुघड्याळं प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, पूर्वेकडे गेलेली सुमारे 59 नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडे गेलेली 273 पुढे गेली. वेग आणि गुरुत्वाकर्षण (उंचावर ते कमी असतं, म्हणून तिथलं घड्याळ जलद चालतं) दोन्ही धरून केलेला अंदाज होता 40 मागे आणि 275 पुढे, त्यातही पहिल्या आकड्यात 23 इकडे-तिकडे होण्याची मुभा आधीच धरलेली. आणि जीपीएसच्या उपग्रहांमधली घड्याळं दिवसाला 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, ती दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात कित्येक किलोमीटरची चूक होईल.

प्रश्न: पण एखादा प्रयोग उलटा गेला तर?

उत्तर: गेलाय ना! 1906 मध्ये कौफमानने वेगवान इलेक्ट्रॉनवर केलेली मोजमापं आइन्स्टाइनच्या विरोधात आणि अब्राहम या भौतिकशास्त्रज्ञाच्या प्रतिस्पर्धी थिअरीच्या बाजूने दिसत होती, पुढे बुखेरर आणि इतरांनी जास्त काळजीपूर्वक मोजल्यावर पारडं फिरलं. 2011 मध्ये ऑपेरा प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचल्यासारखे दिसले, तेव्हा त्या टीमने आकडे लपवले नाहीत, सगळ्यांसमोर ठेवले, आणि काही महिन्यांत नीट न बसलेली एक फायबर केबल सापडली. म्हणून मी 'सिद्ध झाली' असं म्हणत नाही, शंभराहून जास्त वर्षं ती खोटी ठरवायचे प्रयत्न चालूयत आणि अजून जमलेलं नाही, एवढंच म्हणतो.