गाडी बंद केल्यावर इंजिन किती वेळ गरम राहतं?

हात लावण्याइतपत निवायला अर्धा-पाऊण तास, पूर्ण गार व्हायला मात्र चार-पाच तास तरी धरा. साताऱ्यातून यवतेश्वरचा घाट चढून कासला गेलात आणि लगेच गाडी बंद केलीत, तर आणखी वेळ लागेल. थंडीत, वाऱ्यावर उभी असेल तर लवकर निवते.

बऱ्याच जणांना माहीत नसतं की बंद केल्यावर पहिली काही मिनिटं इंजिनातल्या कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान उलट वाढतं. चालू इंजिनात कूलंट साधारण ९० अंशांच्या आसपास असतं. बंद करताच पंप थांबतो, कूलंट फिरायचं थांबतं आणि सिलिंडरच्या धातूतली उष्णता त्यात उतरत राहते. म्हणून काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा घरघरतो. तो बिघाड नव्हे. बॉनेट उघडलंत तरी पंख्याजवळ हात नेऊ नका, तो अचानक सुरू होऊ शकतो.

रेडिएटरचं झाकण तर गरम असताना अजिबात उघडू नका! आत दाब असतो, उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. घाटात गाडी तापली की लोक घाईने नेमकं हेच करतात. रेडिएटरची वरची रबरी नळी कापडाने दाबून बघा. कडक लागली तर थांबा. ऑइल तपासायला मात्र सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं पुरतात.