हाडं पांढरी फटक दिसतात, मग दुखतात का?

वडील 58 वर्षांचे. कंबर, मान आखडली आहे, वाकता येत नाही. एक्सरे पाहून डॉक्टर म्हणाले, हाडं जास्तच घट्ट झालीत. हे चांगलंच नाही का? आम्ही बोअरचं पाणी उकळूनच पितो. (किनवट तालुका, जि. नांदेड)

नाही दादा, चांगलं नाही. तुमच्या भागातल्या भूजलात फ्लोराइड सापडतं, त्यामुळे पहिला संशय पाण्यावरच घ्यायचा. पाणी उकळणं मात्र बंद करा. त्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटलं की तेच फ्लोराइड कमी पाण्यात उरतं.

घरच्या घरी तीन गोष्टी करून पाहा. गुडघे न वाकवता पायाची बोटं धरता येतात का, हनुवटी छातीला टेकते का, दोन्ही हात डोक्यामागे जातात का? तिन्ही अडत असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचा एक्सरे काढा. तिथल्या दोन हाडांमध्ये पातळ पडदा असतो, एरवी तो एक्सरेत दिसत नाही. फ्लोराइडच्या रुग्णात त्यावर चुना धरतो आणि हाडाच्या कडेला काटे फुटल्यासारखे दिसतात.

आता घट्टपणाचं. 1990 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी हाडं ठिसूळ झालेल्या 202 स्त्रियांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींना चार वर्षं सोडियम फ्लोराइड दिलं. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता 35 टक्क्यांनी वाढली. मणके मोडण्याचं प्रमाण काही फारसं घटलं नाही, आणि इतर हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं. हाड भरलं होतं, पण त्याची वीण बिघडलेली होती. मशीनवरचा आकडा बघून खूश होऊ नये, हे आम्ही डॉक्टर तिथे शिकलो.

साठलेलं फ्लोराइड काढून टाकणारं औषध नाही. पाणी बदलणं हाच उपाय. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या. लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. आरओने फ्लोराइड उतरतं. चिमूटभर तुरटी फिरवल्याने काही होत नाही. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेची फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आहे खरी, पण त्यात तुरटी-चुना मोजूनमापून घालावा लागतो. आणि घरातली लहान मुलं आधी त्या बोअरवरून हटवा.

वय 38. ऊसतोडीला जाते. 27 व्या वर्षी पिशवी काढली. आता पाठ धरते, मोळी उचलवत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, पुरतील का? (जि. बीड)

ताई, एकट्या कॅल्शियमने भागणार नाही. आधी ऑपरेशनचा कागद शोधा. नुसती गर्भपिशवी काढली की अंडाशयंही काढली, हे त्यावर कळेल. अंडाशयं गेली की इस्ट्रोजेन एकदम थांबतं. हाड झिजवणाऱ्या पेशींना आवर घालणारं हेच संप्रेरक. तो आवर सुटला की पन्नाशीनंतर व्हायची झीज तिशीतच सुरू होते. अंडाशयं ठेवली असली तरी पाळी जाण्याचं वय काही वर्षं अलीकडे येऊ शकतं.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या 2019 च्या सरकारी पाहणीत 13 हजारांहून जास्त बायकांची पिशवी काढलेली निघाली. त्यांच्या हाडांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं का? उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही, म्हणून ऑपरेशन करून मोकळं व्हायचं. त्याची किंमत दहा वर्षांनी पाठ मोजते.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, सोबत ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड. अंडाशयं काढलेली असतील तर साधारण पन्नाशीपर्यंत संप्रेरकाची औषधं देता येतात का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील तर आधीच सांगा. पाठ अचानक धरली असेल, उंची कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मणक्याचा एक्सरे लगेच. तोवर मोळी डोक्यावर घेऊ नका.

नवीन हाड तयार करणारं इंजेक्शन निघालंय म्हणे. आईला द्यावं का? (लातूर)

निघालंय, नाव रोमोसोझुमॅब. दक्षिण आफ्रिकेतल्या काही डच वंशाच्या कुटुंबांत हाडं अफाट जाड होतात, सहसा मोडत नाहीत. पण कवटीही जाडावते, नसा दाबल्या जातात, ऐकू येईनासं होतं. 2001 मध्ये त्यामागचं जनुक सापडलं. हाडाच्या वाढीला ब्रेक लावणारं स्क्लेरोस्टिन हे प्रथिन या लोकांत बनतच नाही. मग ठिसूळ हाडांच्या रुग्णांत तोच ब्रेक औषधाने सैल करायचा, अशी ही युक्ती. 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली.

महिन्याला एक डोस, वर्षभर. त्यानंतर दुसरं औषध घेतलं नाही तर कमावलेलं हाड जातं. गेल्या वर्षभरात हार्ट अटॅक किंवा लकवा झाला असेल तर देत नाहीत. शिवाय महाग. बहुतेकांचं काम वर्षातून एकदा सलाईनमधून देतात त्या झोलेड्रोनिक अॅसिडने होतं. मी आधी तेच सुचवेन.

मुलगा 14 वर्षांचा, उंची 154 सेंमी. उंची वाढवणारी पावडर चालू करावी का? माझी 163, आईची 152. (परभणी)

नको. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करून 13 मिळवा, निम्मे करा: 164 येतात, त्यात सात-आठ इकडेतिकडे. आवाज अजून फुटला नसेल तर उंचीची खरी उडी यायची आहे. जाहिरातीतला मुलगाही त्या वयात पावडरीशिवाय वाढलाच असता. शाळेतल्या उंचीच्या नोंदी काढून पाहा. वर्षाला 4 सेंटिमीटरही भरत नसतील तर डाव्या हाताच्या पंजाचा एक्सरे काढून बालरोगतज्ज्ञांना दाखवा.