पस्तिशीतल्या इनफिल्डरचा करार वाढवावा का?

तुम्ही विचारलंय की २०२१ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या बेसबॉल संघाने ३४ वर्षांच्या ब्रँडन क्रॉफर्डचा, म्हणजे आपल्या शॉर्टस्टॉपचा (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा राहणारा फिल्डर) करार दोन वर्षांनी वाढवला, ३ कोटी २० लाख डॉलर दिले, ती चूक होती का, आणि एकूणच वय झालेल्या इनफिल्डरला (बेसच्या आसपास उभ्या राहणाऱ्या फिल्डरला) अशी मुदतवाढ द्यावी का.

चूक नव्हती. चूक म्हणणाऱ्यांनी फक्त बॅट बघितली.

मान्य, आकडे वाईट दिसतात. २०२१ चा मोसम त्याने ०.२९८ बॅटिंग सरासरी (दहा प्रयत्नांत साधारण तीन हिट), २४ होमरन आणि चौथा गोल्ड ग्लोव्ह (फिल्डिंगचा पुरस्कार) घेऊन संपवला, एमव्हीपीच्या (मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या) मतदानात चौथा आला. जायंट्स त्या वर्षी १०७ सामने जिंकले, तेवढे ते आजवर कधीच जिंकले नव्हते. पुढच्या वर्षी सरासरी ०.२३१. त्याच्या पुढच्या वर्षी ०.१९४. हा शेवटचा आकडा माझे साडू गेली काही वर्षं प्रत्येक दिवाळीच्या जेवणात माझ्यासमोर ठेवतात. म्हणून तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

मी मूळचा डोंबिवलीचा, वीस-बावीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ फ्रीमाँटला राहतो. मुंबईत कांगा लीगच्या खालच्या डिव्हिजनमध्ये विकेटकीपिंग केलं. पावसात भिजलेल्या विकेटवर, चेंडू कधी घोट्याशी तर कधी हनुवटीशी. त्यामुळे बेसबॉल बघायला लागलो तेव्हा माझी नजर आपोआप शॉर्टस्टॉपकडे गेली. क्रॉफर्ड मला पहिल्यांदा नीट दिसला तो थर्ड बेसच्या मागच्या खुर्च्यांवरून. चेंडू थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या मधल्या फटीत गेला. हा उजवीकडे तीन-चार पावलं पळाला, ग्लोव्ह उलटा करून चेंडू घेतला आणि अंगाचा सगळा भार मागच्या पायावर असतानाच फर्स्ट बेसला फेकला. ग्लोव्हमधून हातात चेंडू कधी आला ते मला दिसलंच नाही. शेजारी मुलगा नाचत होता आणि मी माझे तळवे बघत होतो, कारण ज्याने हातांनी काम केलंय त्याला कळतं की हे हात उसने मिळत नाहीत.

आता मूळ दुखणं सांगतो. इथे आमचा रविवारचा क्रिकेट क्लब आहे. साडू कॅप्टन होते. ते माझ्याहून मोठे, डेटाच्या क्षेत्रातले, हुशार माणूस. मी ४३ वर्षांचा असताना मोसमाच्या सुरुवातीला ग्रुपवर संघाची यादी आली आणि माझं नाव शेवटी, ‘राखीव’च्या खाली. फोन केला तर म्हणाले, ‘‘शीट बघ. बारा मॅचमध्ये ९६ रन. भावनेवर टीम चालत नाही.’’ त्या शीटमध्ये रन होते, विकेट होत्या, कॅच होते. स्टंपिंगचा रकाना नव्हता. बायचा नव्हता. माझ्या जागी पंचविशीतला एक मुलगा आला, चांगली बॅटिंग करायचा. पण आमचा डावखुरा स्पिनर मॅटिंगवर चेंडू हात-हातभर वळवायचा आणि त्या मुलाला ते जमेना. दोन-तीनदा लेगला चार-चार बाय गेले. मग स्पिनरने काय केलं? त्याने फ्लाइट देणंच सोडलं. चपटे, जोरात टाकायला लागला. महिनाभरात त्याला आमच्या लीगमधला कुठलाही बॅट्समन मारायला लागला. शीटमध्ये नोंद झाली ती ‘स्पिनर खराब फॉर्ममध्ये’ अशी.

शॉर्टस्टॉपचंही अगदी असंच आहे. जायंट्सच्या लोगन वेबसारख्या पिचरचा (म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा) सगळा डाव समोरच्याला चेंडू जमिनीवर मारायला लावण्यावर असतो. मागे कोण उभं आहे यावर असा पिचर किती खाली, किती बिनधास्त टाकेल हे ठरतं. ही किंमत शॉर्टस्टॉपच्या बॅटिंग सरासरीत शोधून मिळणार नाही.

हे फक्त भावनेचं असतं तरी मी ते सोडलं नसतं, हेही सांगतो. क्रॉफर्ड बे एरियातच (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात), प्लेझंटनला लहानाचा मोठा झाला. मे २०११ मध्ये मिलवॉकीला पहिल्याच सामन्यात ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन. १ ऑक्टोबर २०१४ ला पिट्सबर्गमध्ये वाइल्ड कार्डच्या (प्लेऑफच्या पहिल्या, बाद) सामन्यात पुन्हा ग्रँड स्लॅम, आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदही. २०१६ मध्ये मायामीला एका सामन्यात सात हिट. असा माणूस दुसऱ्या संघाच्या टोपीत बघावा लागणं हे नुकसानच आहे, ते हिशेबात धरलंच पाहिजे.

वय म्हणाल तर याच जायंट्सनी शॉर्टस्टॉप ओमार व्हिस्केलला ३७ व्या वर्षी घेतलं होतं. त्याने २००५ आणि २००६ चे गोल्ड ग्लोव्ह याच संघाकडून जिंकले. आणि क्रॉफर्डला सोडल्यावर काय झालं तेही बघा. २०२४ ची सुरुवात त्या जागी निक अहमदला घेऊन केली, तोही ३४ वर्षांचाच. त्यालाही जुलैमध्ये सोडलं, मग टायलर फिट्झजेराल्ड, आणि मोसम संपल्यावर विली अदामेसला सात वर्षांसाठी १८ कोटी २० लाख डॉलर. पर्याय तयार नसताना जुना माणूस काढला की बिल असं येतं. साडूंनी त्या मुलानंतर चार वर्षांत तीन कीपर बदलले. एकालाही आपल्या स्पिनरसमोर नेटमध्ये उभं करायला मला बोलावलं नाही. मी आलो असतो.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: द्या, पण दोनच वर्षं. पैसे हातांसाठी द्या, बॅटिंग बोनस समजा, आणि पहिल्याच दिवसापासून त्याच्या शेजारी विशीतला मुलगा उभा करून त्याला शिकवायला लावा. हे सगळं करारातच बोलून घ्या.

इथे मला हेही कबूल केलं पाहिजे की २०२३ मध्ये क्रॉफर्ड दुखापतींमुळे सारखा बाहेर होता आणि त्याचे पायही पूर्वीसारखे राहिले नव्हते. तिसरं वर्ष असतं तर मीही नको म्हटलं असतं. लांब करार हा वेगळाच धोका आहे. बॉस्टनने आपल्या सेकंड बेसमनला, डस्टिन पेड्रोयाला २०१३ मध्ये आठ वर्षांचा करार दिला, तेव्हा तो तिशीतही नव्हता, आणि गुडघ्याने शेवटची वर्षं खाऊन टाकली. ह्यूस्टनने होसे अल्टुवेला २०२४ मध्ये आणखी पाच वर्षं, साडेबारा कोटी डॉलर दिले आणि कराराच्या पहिल्याच मोसमात त्याला सेकंड बेसवरून बऱ्याचदा लेफ्ट फिल्डला (आउटफिल्डच्या डाव्या बाजूला) पाठवावं लागलं. इनफिल्डर म्हणून पैसे देऊन त्याला आउटफिल्डमध्ये उभं करायचं असेल तर तो हिशेब मला पटत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ ला डॉजर्सविरुद्धचा शेवटचा सामना आम्ही दोघं मैदानात बसून बघितला, साडू आणि मी. क्रॉफर्डसाठी लोक उठून उभे राहिले. साडूही उठले, माझ्याआधी उठले, आणि बराच वेळ टाळ्या वाजवत होते. मी त्या दिवशी ०.१९४ चा विषय काढला नाही, त्यांनीही काढला नाही. दिवाळीत मात्र पुन्हा काढलाच.

आता क्लबचं स्कोअरिंग माझ्याकडे आलंय. पुढच्या मोसमापासून शीटमध्ये कीपरचे बाय आणि स्टंपिंग असे दोन रकाने मी घालणार आहे, कमिटी नको म्हणाली तरी.